एका जागेवर दोन माणसे

माझ्याकडे लाल कापडी बांधणीची एक जुनी वही आहे. १९९५ च्या जानेवारीत आमच्या देवळाली प्रवरात, कालव्याच्या कडेच्या मोकळ्या रानात टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा झाल्या. त्या वेळी आमच्या संघाचा हिशेब मी लिहीत असे. वर्गणी प्रत्येकी २१ रुपये, प्रवेश फी १५१, चेंडू, चहा, भेळ, टेंपोचे भाडे, असा सगळा किरकोळ खर्च त्या वहीत आहे. त्यात मधेच एक ओळ येते : ‘बाहेरचा गडी (बॅट व बॉल दोन्ही) – ५०१’.

ती ओळ लिहिण्याआधी आमच्यात दोन रात्री वाद झाला होता. आम्हाला एक बॉलर कमी पडत होता आणि सुरुवातीला येऊन धुलाई करील असा एक बॅट्समनही कमी पडत होता. प्रत्येकी ३०० रुपयांत असे दोघे मिळत होते. पण राहुरीच्या बाजारात हमाली करणारा एक पोरगा होता. तो वेगात चेंडू टाकायचा आणि बॅट हातात आली की चेंडू थेट उसात घालायचा. तो एकटा ५०१ मागत होता. मी चोविशीतला, हिशेबात हुशार म्हणून मान असलेला. मी उभा राहून सांगितले, की दोघे घेतले तर ६०० जातात आणि आपली दोन पोरे बाहेर बसतात. हा एकटा घेतला तर ९९ रुपये वाचतात आणि एकच पोरगा बाहेर बसतो. युक्तिवाद बिनतोड होता. एकमताने ठरले. त्या स्पर्धेत पुढे काय झाले ते शेवटी सांगतो.

गेली पंचवीस वर्षे जुने धावफलक, दौऱ्यांचे अहवाल आणि खेळाडूंची आत्मचरित्रे गोळा करण्याचा नाद मला आहे. पदवी नाही, गुरू नाही. उसाच्या काट्यावर वजनाची पावती फाडता फाडता हा नाद लागला. पण वहीतल्या त्या ओळीकडे मी परत वळलो ते डिसेंबर २०२३ मध्ये. शोहेई ओतानी नावाच्या जपानी बेसबॉलपटूशी लॉस एंजेलिस डॉजर्स या संघाने दहा वर्षांसाठी ७० कोटी डॉलरचा करार केल्याची बातमी वर्तमानपत्रात आली होती. चहाच्या टपरीवर एकाने ती मोठ्याने वाचली आणि विचारले, ‘‘एकाच माणसाला दोघांचा पगार कशाला द्यायचा?’’ हा प्रश्न आमच्या त्या दोन रात्रींच्या वादाचाच होता, फक्त आकड्यांपुढची शून्ये वाढली होती.

बेसबॉल आपल्याकडे फारसा कोणी पाहत नाही, म्हणून दोन शब्दांत सांगतो. त्या खेळात चेंडू फेकणारा, म्हणजे पिचर, ही वेगळीच जात असते. आज सामना खेळला की तो पुढचे चार-पाच दिवस हाताला विश्रांती देतो. बॅटिंग त्याला येत नाही असेच धरले जाते. २०२२ पासून तर अमेरिकेच्या दोन्ही मोठ्या लीगमध्ये त्याच्या जागी दुसराच खेळाडू नेमून बॅटिंगला येतो. ओतानी मात्र दोन्ही करतो. २०२१ मध्ये त्याने ४६ होमरन मारले आणि त्याच हंगामात चेंडू फेकून १५६ जणांना स्ट्राइकआउट केले. आपल्याकडे याला सरळ ‘अष्टपैलू’ म्हणून आपण मोकळे होतो. दोन कामे करणाऱ्याला आठ पैलू बहाल करण्याचे औदार्य मराठीनेच दाखवावे. अमेरिकेत असा खेळाडू शंभर वर्षांत दिसला नव्हता. बेब रूथ बोस्टनसाठी दोन्ही कामे करत असे. १९१९ च्या डिसेंबरअखेर न्यूयॉर्कच्या यांकीज संघाने त्याला विकत घेतले आणि पुढच्या पंधरा वर्षांत त्याच्याकडून जेमतेम पाच सामन्यांत चेंडू टाकून घेतला. दोन हातांचा माणूस घेतला आणि एक हात जाणूनबुजून गुंडाळून ठेवला. त्यांचा हिशेब चुकला असे कोणी म्हणत नाही.

ओतानीच्या करारातला खरा चमत्कार वेगळा आहे. ७० कोटींपैकी ६८ कोटी डॉलर त्याला २०३४ ते २०४३ या काळात, बिनव्याजी मिळायचे आहेत. खेळतो आहे तोवर वर्षाला फक्त २० लाख. हे वाचल्यावर माझ्या डोळ्यांपुढे आमच्या काट्यावरची रांग आली. ऊसतोडीत मजुरांची मोजणी ‘कोयत्या’ने होते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. माणसे दोन, हिशेबात एक. एकटा आला तर तो ‘अर्धा कोयता’. हंगामाच्या आधी मुकादम त्या कोयत्याला उचल देतो आणि ती पुढे सहा महिने टनावर फेडून घेतो. डॉजर्सने याच्या बरोब्बर उलटे केले. एका माणसाला दोन मोजले, आणि काम आधी घेऊन पैसे मागाहून द्यायचे ठरवले. उचल घेणारा अडलेला असतो. पैसे मागे ठेवणाऱ्याचे जाहिरातींवर भागते. तो फरक सोडला तर दोन्हीकडे मूळ प्रश्न तोच, की काम करणारे शरीर किती आणि मोजायचे किती.

तेव्हा हे शरीर आणि ही मोजणी यांची गाठ नीट सोडवून पाहू. त्यासाठी अमेरिकेला जायची गरज नाही. असा प्रश्न आपल्या क्रिकेट मंडळापुढे १९५२ सालीच आला होता, आणि त्याचा कागदोपत्री निकालही लागलेला आहे.

विनू मांकड मूळचे जामनगरचे. कारकिर्दीत ते वेस्टर्न इंडिया, नवानगर, महाराष्ट्र, गुजरात, बंगाल, मुंबई आणि राजस्थान अशा सात संघांकडून खेळले. १९५१-५२ पासून ते मुंबईचे, आणि १९७८ मध्ये त्यांचे निधनही मुंबईतच झाले. वानखेडे स्टेडियमच्या एका प्रवेशद्वाराला त्यांचे नाव आहे. आजच्या पोरांना मात्र मांकड ठाऊक असतात ते चेंडू पडण्याआधी क्रीझ सोडणाऱ्याला धावबाद करण्याच्या प्रकारावरून. १९४७ मध्ये त्यांनी बिल ब्राऊनला तसे बाद केले आणि नाव कायमचे चिकटले. एवढ्या मोठ्या माणसाची ओळख एवढीशी उरावी याचा मला राग येतो, म्हणून थोडे आकडे देतो. १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी प्रथम श्रेणीत ११२० धावा केल्या आणि १२९ बळी घेतले. हजार धावा आणि शंभर बळी हा दुहेरी पराक्रम त्या देशातल्या एका दौऱ्यात दुसऱ्या कुणाही भारतीयाला जमलेला नाही. १९५१-५२ च्या हंगामात इंग्लंडचा संघ इथे आला तेव्हा पाच कसोट्यांत त्यांनी ३४ बळी घेतले. त्यातले १२ मद्रासच्या शेवटच्या कसोटीतले. तो सामना जिंकून भारताने कसोटी क्रिकेटमधला आपला पहिला विजय मिळवला.

त्यानंतरच्याच उन्हाळ्यात भारताचा इंग्लंड दौरा होता. तिकडच्या लँकेशायर लीगमधल्या हॅस्लिंग्डन या क्लबने मांकडांपुढे व्यावसायिक खेळाडू म्हणून करार ठेवला. ही लीग समजून घेण्यासारखी आहे. गिरण्यांच्या छोट्या छोट्या गावांचे हे क्लब. सगळे खेळाडू हौशी, कुणी विणकर, कुणी कारकून. पगारी व्यावसायिक मात्र प्रत्येक क्लबला एकच ठेवता येई. नेल्सन या गावाने १९२९ पासून वेस्ट इंडीजच्या लिअरी कॉन्स्टंटाइनला ठेवले होते, आणि तो बॅट, बॉल व क्षेत्ररक्षण तिन्हींत अफाट असल्याने गावोगाव त्याला पाहायला झुंबड उडे. जागाच एक, मग केवळ बॅट्समन घेऊन कसे परवडेल? पन्नास धावा झाल्या की प्रेक्षकांतून टोपी फिरे, त्यात पैसे पडत. हॅस्लिंग्डनच्या कारभाऱ्यांना दोन्ही कामे करणाऱ्या माणसाची किंमत कळली होती, कारण त्यांच्याकडे जागा मोजून एक होती.

मांकडांनी आपल्या मंडळाला विचारले : कसोट्यांसाठी माझी निवड नक्की आहे असा शब्द देता का? देत असाल तर हा करार सोडतो. मागणी पैशाची नव्हती. मंडळाने शब्द दिला नाही. निवडीआधी कुणालाच हमी नाही, असा नियमाचा आधार त्याला होता, आणि नियम म्हणून तो चुकीचाही नाही. मांकड हॅस्लिंग्डनला गेले.

जूनमध्ये लीड्सला पहिली कसोटी झाली. कर्णधार विजय हजारे, आपल्या सांगलीचे. पहिल्या डावात हजारे आणि विजय मांजरेकर यांनी २२२ धावांची भागीदारी केली, मांजरेकरांनी १३३ काढल्या. आणि दुसऱ्या डावात फ्रेड ट्रूमन नावाच्या नवख्या वेगवान गोलंदाजापुढे आपली फळी अशी कोसळली, की धावफलकावर शून्य धावांना चार बाद. चौदा चेंडूंत. हा आकडा अजूनही जुन्या लोकांच्या तोंडी आहे. सामना गेला. मग ज्या मंडळाला शब्द देणे जमले नव्हते तेच हॅस्लिंग्डनच्या दारात उभे राहिले, आणि त्या गिरणी-गावाच्या क्लबने आपला एकुलता एक पगारी माणूस उरलेल्या कसोट्यांसाठी सोडला.

लॉर्ड्सला काय झाले ते आकड्यांतच सांगावे. लीगचे सामने खेळत असलेला हा गडी पहिल्या डावात सलामीला आला आणि ७२ करून गेला. मग इंग्लंडच्या डावात ७३ षटके टाकून १९६ धावांत ५ बळी. लगेच परत सलामीला, आणि १८४. इंग्लंडला जिंकायला थोड्याच धावा हव्या होत्या, तरी त्यात पुन्हा २४ षटके आणि फक्त ३५ धावा दिल्या. म्हणजे एका कसोटीत २५६ धावा केल्या आणि ९७ षटके, ५८२ चेंडू टाकले. दिलेल्या धावा २३१; पुढे १९५६ मध्ये मद्रासला न्यूझीलंडविरुद्ध त्यांनी केलेली सर्वोच्च धावसंख्याही २३१. आमच्यासारख्या आकडेवेड्यांना असल्या योगायोगात फार गोडी वाटते, अर्थ काही नसतो.

आणि हा सामना भारत आठ गडी राखून हरला.

इथे बहुतेक लेखक थांबतात आणि मंडळाला दोष देऊन मोकळे होतात. मलाही तो मोह होतो. पण वही उघडी ठेवायची तर पुढची पानेही वाचली पाहिजेत. तिसऱ्या कसोटीत, मँचेस्टरला, मांकड संघात असताना भारत एकाच दिवसात ५८ आणि ८२ धावांत दोनदा बाद झाला. त्यांनी ४ आणि ६ केल्या. मालिका ३-० ने गेली. मग मंडळ बरोबर होते का? नाही. मांकड आल्याने संघात दहा चांगले खेळाडू आले नव्हते; एक जागा मोकळी झाली होती, आणि त्या जागेवर बसवायला ट्रूमनला तोंड देणारा कोणी आपल्याकडे नव्हता. दोन कामे करणारा माणूस संघाला दोन माणसे देत नाही. तो एक रिकामी जागा देतो. त्या जागेवर तुम्ही कोणाला बसवता यावर त्याची किंमत ठरते. हॅस्लिंग्डनला जागाच एक असल्याने हा प्रश्न पडला नाही. आपल्याला पडला, आणि उत्तर सापडले नाही.

दुसरी गोष्ट ९७ षटकांची. सलामीला येणाऱ्या माणसाला ७३ षटके टाकायला लावून, लगेच पॅड बांधायला लावणे हा कर्णधाराचा निर्दयपणा नव्हता. त्याच्याकडे दुसरा इलाज नव्हता. गंमत अशी, की कर्णधार हजारे स्वतः याच पेचातून गेलेले. प्रथम श्रेणीत त्यांच्या नावावर १८,७४० धावा आणि ५९५ बळी आहेत. कसोटीत मात्र २१९२ धावा, सरासरी ४७.६५, आणि बळी फक्त २०. बडोद्याच्या संघासाठी त्यांनी दोन्ही खांदे झिजवले. १९४७ च्या रणजी अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध २८८ करून गुल महंमदबरोबर ५७७ धावांची भागीदारी केली. देशासाठी खेळताना मात्र त्यांची बॅट एवढी गरजेची होती, की बॉल आपोआप मागे पडला. हजाऱ्यांची जी कोंडी झाली ती बेब रूथची झाली नाही, कारण यांकीजकडे चेंडू टाकायला दुसरी माणसे होती.

आता आपल्या काळातल्या बाजाराकडे येऊ. आयपीएलमध्ये अंतिम अकरांत परदेशी खेळाडू चारच. जागा मोजून असल्याने परदेशी अष्टपैलूंचे भाव चढे राहतात. पुण्याच्या रायझिंग पुणे सुपरजायंटने २०१७ च्या लिलावात इंग्लंडच्या बेन स्टोक्ससाठी साडेचौदा कोटी रुपये मोजले. त्या वेळी पुण्यातल्या माझ्या मित्रांनी खूप टिंगल केली होती. स्टोक्सने बारा सामन्यांत ३१६ धावा केल्या, १२ बळी घेतले, गुजरात लायन्सविरुद्ध पुण्याच्या गहुंजे मैदानावर शतक ठोकले आणि स्पर्धेतला सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला. टिंगल करणारे गप्प झाले. पण प्लेऑफच्या आधी तो इंग्लंडच्या संघाकडे निघून गेला. २१ मे २०१७ रोजी हैदराबादला अंतिम सामन्यात मुंबईने १२९ केल्या आणि पुण्याचा डाव १२८ वर संपला. एक धाव. त्यानंतर तो संघच राहिला नाही, कारण तो दोन वर्षांपुरताच होता.

पाच वर्षांनी, डिसेंबर २०२२ च्या लिलावात, सर्वांत महाग गेलेले तिघेही परदेशी अष्टपैलू होते : सॅम करन साडेअठरा कोटींना पंजाबकडे, कॅमेरून ग्रीन साडेसतरा कोटींना मुंबई इंडियन्सकडे, आणि तोच बेन स्टोक्स सव्वासोळा कोटींना चेन्नईकडे. स्टोक्सचा पाय दुखावलेला होता. तो दोन सामने खेळला, ७ आणि ८ अशा धावा केल्या, एक षटक टाकले आणि त्यात १८ धावा दिल्या. त्या वर्षी चेन्नई विजेता ठरला. ज्या पुण्याला त्याच्याकडून सगळे मिळाले ते एका धावेने हरले आणि ज्या चेन्नईला काहीच मिळाले नाही ते जिंकले. यावरून अष्टपैलू घेऊ नये असा निष्कर्ष काढणारा माणूस मला टपरीवर भेटला आहे. त्याला मी चहा पाजला, वाद घातला नाही. मुंबईच्या ग्रीनने ४५२ धावा करून पैसे वसूल केले असे म्हणता येईल, पण वर्ष संपायच्या आत मुंबईने त्याला बंगळूरला दिले, कारण हार्दिक पंड्याला परत आणायचे होते.

याच डिसेंबर महिन्यात लीगने ‘इम्पॅक्ट प्लेअर’चा नियम जाहीर केला होता. सामना चालू असताना एक खेळाडू काढून दुसरा आणायचा. म्हणजे बॅटिंगला एक आणि बॉलिंगला दुसरा. अष्टपैलूचे सारे मोल संघातली एक जागा वाचवण्यात होते; नियमाने ती जागा सगळ्यांनाच फुकट वाटली. परदेशी खेळाडूंची मर्यादा चारचीच राहिल्याने करन-ग्रीन-स्टोक्स यांचे भाव टिकले. मार बसला तो घरच्या पोरांना. मुंबईचा शिवम दुबे चेन्नईसाठी उत्तुंग षटकार मारतो, पण त्याच्या हातात चेंडू क्वचितच दिला जातो. एप्रिल २०२४ मध्ये रोहित शर्माने जाहीरपणे सांगितले, की हा नियम त्याला पटत नाही, दुबे आणि वॉशिंग्टन सुंदर यांच्यासारख्यांना त्यामुळे गोलंदाजी मिळत नाही. कर्णधाराच्या तोंडची ही तक्रार मला मंडळाच्या दहा अहवालांपेक्षा मोलाची वाटते.

अमेरिकनांनी नेमके उलट केले. तिथे संघात २६ जण, त्यांत पिचर जास्तीत जास्त १३. पण दोन्ही कामे करणाऱ्याची नोंद वेगळी होते, तो या तेरांत धरला जात नाही. शिवाय २०२२ पासून चेंडू टाकणे थांबवल्यावरही त्याला बॅटिंगला राहता येते. हा नियम लोक ओतानीच्याच नावाने ओळखतात. एका लीगने अष्टपैलूची वाचवलेली जागा सगळ्यांना वाटून टाकली, दुसरीने ती त्याच्याच नावावर सातबाऱ्यासारखी चढवली. तेव्हा ‘घ्यावा की नाही’ याचे उत्तर शोधताना मी आधी नियमपुस्तक उघडतो, खेळाडूची कामगिरी नंतर.

शरीराचा भाग तरीही उरतोच. ओतानीच्या कोपरावर २०१८ मध्ये शस्त्रक्रिया झाली, २०२३ मध्ये पुन्हा. डॉजर्सने ७० कोटींचा कागद केला तेव्हा पुढचे वर्षभर तो चेंडू टाकू शकणार नाही हे त्यांना ठाऊक होते. २०२४ मध्ये त्यांनी त्याला टाकूही दिला नाही. त्याने नुसत्या बॅटिंगवर ५४ होमरन मारले आणि ५९ बेस चोरले, संघ विजेता झाला. २०२५ च्या जूनमध्ये हळूहळू, एकेक डाव करत त्याला परत चेंडू टाकायला आणले. त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला, संघाला अंतिम फेरीत नेणाऱ्या सामन्यात, त्याने सहा डाव एकही धाव न देता दहा जणांना स्ट्राइकआउट केले आणि तीन होमरन मारले. लॉर्ड्स १९५२ नंतर असा एकहाती सामना माझ्या नोंदींत दुसरा नाही. फरक एवढाच, की मांकडांना ७३ षटकांनंतर लगेच पॅड बांधावे लागले, आणि ओतानीला हात बरा होईतो थांबवणारे कोणीतरी होते.

त्याच्या आधीची एक गोष्ट मला या सगळ्याहून महत्त्वाची वाटते. २०१२ मध्ये हा पोरगा अठरा वर्षांचा होता. आपण जपानमध्ये न खेळता थेट अमेरिकेला जाणार असे त्याने जाहीर केले होते. होक्काइदोच्या निप्पॉन-हॅम फायटर्स संघाने तरीही त्याची निवड केली, त्याची मनधरणी केली आणि शब्द दिला : आम्ही तुला बॅट आणि बॉल दोन्ही करू देऊ. तो राहिला. २०१६ मध्ये फायटर्सने जपानचे विजेतेपद मिळवले आणि तो अमेरिकेला गेला तेव्हा त्या बदल्यात त्यांना दोन कोटी डॉलर मिळाले. मांकडांनी मागितला होता तोही शब्दच होता, आणि त्याला मंडळाचा एक पैसाही लागणार नव्हता. अमेरिकेत ओतानी पहिली सहा वर्षे एंजल्स या संघात होता. एवढा खेळाडू असूनही तो संघ एकदाही प्लेऑफला पोचला नाही. मोकळ्या झालेल्या जागेवर बसवायला त्यांच्याकडेही कोणी नव्हते.

माझे मत विचाराल तर असा खेळाडू घ्यावा. जागा मोजून असतील, मोकळ्या होणाऱ्या जागेवर बसणारा माणूस तयार असेल, आणि त्याला कधी थांबवायचे हे करार करतानाच ठरलेले असेल, तर दोघांचा पगार देऊनही तो स्वस्त पडतो. यातली तिसरी अट मला १९९५ मध्ये सुचली नाही.

तीन दिवसांत आम्ही सात सामने खेळलो. नियमाप्रमाणे एका बॉलरला जास्तीत जास्त चार षटके टाकता येत, आणि त्या पोराने प्रत्येक सामन्यात चारही टाकली. सलामीलाही तोच. त्याचा हात लांब पोचतो म्हणून क्षेत्ररक्षणाला आम्ही त्याला सीमारेषेवर ठेवत होतो. तिथून दिवसभर फेकाफेक. उपांत्य सामन्यात एक चेंडू फेकताना त्याने खांदा धरला. तासाभराने अंतिम सामना होता. कोणीतरी झेंडू बाम आणला, कोणीतरी रुमाल गरम करून शेकले. ‘‘टाकशील ना?’’ असे विचारणारा मीच होतो. तो टाकतो म्हणाला. त्याने चार षटके टाकली आणि आम्ही नऊ धावांनी हरलो.

बक्षीस गेले म्हणून संघाने रात्री ठरवले, की त्याला पूर्ण पैसे द्यायला नकोत. मी ४०० रुपये नेऊन दिले आणि वहीत लिहिले, ‘बाकी देणे – १०१’. वाचवलेल्या ९९ रुपयांपेक्षा हे दोन रुपयांनी जास्त. जो पोरगा आम्ही त्याच्यासाठी बाहेर बसवला होता त्यानेच तीन आठवड्यांनी बातमी आणली, की त्याला पोते उचलता येत नाही आणि तो बाजारात येत नाही.

सात-आठ वर्षांनी राहुरीच्या आठवडे बाजारात तो मला दिसला. कांद्याच्या गोण्या उचलत होता, डाव्या खांद्यावर. त्याने मला ओळखले, गोणी टेकवली आणि विचारले, पुढच्या साली तुम्ही जिंकलात का? नाही म्हणालो. १०१ रुपयांचे मी काही बोललो नाही, त्यानेही काढले नाही. वहीत ती ओळ तशीच आहे.